पाद्रीबुवा हसले, म्हणून काय बिघडलं?

गंभीर चेहऱ्याला या जगात विनातारण कर्ज मिळतं. बँकेच्या काउंटरमागे वीस वर्षं काढल्यावर हे विधान मी छातीठोकपणे करू शकतो. कपाळाला तीन आठ्या घालून जो आत येतो त्याला साहेब खुर्ची देतात, चहा मागवतात आणि पुढं त्याचं खातं थकलं की त्याच्याहून गंभीर चेहऱ्यानं मुदत वाढवून देतात. हसत हसत येणाऱ्याला मात्र, "मंगळवारी या."

बँकेचं एक वेळ सोडा. पण हाच नियम लोक देवाच्या माणसांना लावतात तेव्हा माझं डोकं फिरतं. आमच्या शेजारी एक निवृत्त काका आहेत. त्यांचं म्हणणं असं की, धर्माच्या माणसानं धर्मापुरतं बोलावं. मग तो भटजी असो, मौलवी असो की पाद्री. महागाई, कर, निवडणुका यांत त्यानं तोंड घालू नये, आणि घातलंच तर निदान थट्टा करू नये. थट्टेनं म्हणे पावित्र्य जातं! पावित्र्य म्हणजे काय उघडं राहिलेलं दूध आहे, कुणी जोरात हसलं की नासायला?

या काकांसाठी मी एक साक्षीदार आणला आहे. नाव रेव्हरंड सिडनी स्मिथ, मुक्काम इंग्लंड, व्यवसाय पाद्री, जन्म १७७१, मृत्यू १८४५. के.वाय.सी. पूर्ण.

यॉर्कजवळच्या फॉस्टन नावाच्या खेड्याचं चर्च त्यांच्या वाट्याला आलं. त्या गावात दीडशे वर्षं एकही पाद्री राहिला नव्हता. नेमणूक खेड्यात आणि बिऱ्हाड शहरात, ही युक्ती आपणच शोधून काढली असं ज्यांना वाटतं त्यांनी नोंद घ्यावी. गावात राहा, असा वरून रेटा आल्यावर स्मिथ गेले, आणि गेले ते कुरकुरत बसले नाहीत. घर नव्हतं, ते बांधून काढलं. गावकऱ्यांना औषधपाणी केलं. जनावरांना अंग खाजवायला एक तिरका दांडा उभारला. एक टोक उंच, दुसरं ठेंगणं. म्हणजे घोड्यापासून कोकरापर्यंत ज्यानं त्यानं आपल्या उंचीला अंग घासावं. आमच्या बँकेच्या काउंटरला ही अक्कल अजून आलेली नाही. पेन्शन घ्यायला येणाऱ्या आजींना पलीकडून फक्त छताचा पंखा दिसतो.

असा माणूस लिहायला बसला की काय होतं? १८०२ साली त्यांनी मित्रांबरोबर 'एडिंबरा रिव्ह्यू' हे त्रैमासिक काढलं आणि पुढं पंचवीसेक वर्षं त्यात लिहिलं. १८२० साली त्यांनी इंग्रज माणसाच्या डोक्यावरचे कर मोजून दाखवले. पोराच्या भोवऱ्यावर कर, तरुणाच्या घोड्याच्या लगामावर कर, मरायला टेकलेल्याच्या औषधावर कर, आणि ते ज्या चमच्यातून द्यायचं त्या चमच्यावर वेगळा कर! वाचणारा हसतो आणि हसता हसता आपला खिसा चाचपतो. अर्थसंकल्पावर इतकं सुबोध विवेचन मला बी.कॉम.च्या तीन वर्षांत कुणी ऐकवलं नाही.

काका म्हणतील, ही सगळी करमणूक झाली. बरं, मग पुढची नोंद बघा. त्या काळी जमीनदार लोक ससे-तितर चोरणाऱ्यांसाठी रानात बंदुका बांधून ठेवत. तारेला पाय लागला की गोळी सुटे. पाय चोराचा की फुलं वेचायला आलेल्या पोराचा, हे बंदूक विचारत नसे. स्मिथ यांनी १८२१ साली या प्रकाराचे वाभाडे काढले. १८२७ साली कायद्यानं अशा बंदुका बंद झाल्या. ज्या गुन्ह्याला फाशी होऊ शके अशा बहुतेक गुन्ह्यांत आरोपीच्या वकिलाला ज्यूरीपुढं त्याची बाजू मांडायची मुभा नव्हती. दहा शिलिंगांच्या दाव्यात वकील भाषण करणार आणि गळ्याला दोर लागायची वेळ आली की अडाणी माणसानं स्वतः बोलायचं! १८२६ साली स्मिथ यांनी यावर लेख लिहिला. कायदा बदलला १८३६ साली. हे सारं एकट्या पाद्रीबुवांनी केलं असं मी म्हणत नाही; पण ज्यांच्या खात्यावर नुसतं गांभीर्यच जमा आहे त्यांनी निदान एवढी एक एंट्री दाखवावी.

"हेच गंभीरपणे सांगता आलं नसतं का?" आलं असतं की! पण गंभीरपणे सांगितलेली गोष्ट फाइलला लागते आणि फाइल कपाटात जाते. १८४२ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यानं आपल्या रोख्यांचं व्याज थकवलं. त्यात पाद्रीबुवांचे पैसे अडकले. सत्तरी ओलांडलेल्या या माणसानं १८४३ साली थेट अमेरिकन काँग्रेसला अर्ज ठोकला आणि वर्तमानपत्रातून त्या राज्याची अशी रेवडी उडवली की समुद्राच्या दोन्ही काठांवर लोकांनी ती वाचली. आमच्या नोटिसा ज्याला पाठवतो तो कर्जदारसुद्धा वाचत नाही.

आता थट्टेनं कधी अन्याय होतच नाही, असा माझा दावा नाही. याच स्मिथ यांनी हिंदुस्थानात आलेल्या मिशनऱ्यांची त्यांच्या जोडे शिवण्याच्या धंद्यावरून टवाळी केली. त्यांत होते विल्यम केरी, पूर्वी जोडे शिवून पोट भरणारे. याच केरींनी १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं आणि १८१० साली मराठीचा कोश. मिशनऱ्यांच्या कामावर हवी तेवढी टीका करा. पण त्यांच्या हातातल्या आरीला हसणं म्हणजे काउंटरच्या चुकीच्या बाजूला हसणं. माझा नियम सोपा आहे. थट्टा खुर्चीवाल्याची करावी, रांगेत उभ्या असलेल्याची नाही. धर्माच्या माणसाला हा नियम दुप्पट लागू.

आणि हे काही विलायती खूळ नाही. आपल्या एकनाथांनी भारुडं रचली ती लोकांना झोप लागावी म्हणून नव्हे. विंचवापासून जोशापर्यंत सगळ्यांना त्यांनी सोंगं घेऊन नाचवलं. त्यांचं पावित्र्य चारशे वर्षांत नासलेलं नाही.

राहता राहिला हिशेब. ऑक्टोबर १८३१. मँचेस्टर, बर्मिंगहॅमसारख्या मोठ्या शहरांना पार्लमेंटात एकही जागा नाही, आणि ओसाड पडलेल्या ओल्ड सॅरमला दोन. हे सुधारायचं विधेयक उमरावांच्या सभागृहात आलं आणि ४१ मतांनी पडलं. विरोधात मत देणाऱ्यांत २१ बिशप होते. सगळे धर्माचे, सगळे गंभीर. स्मिथ यांनी त्याच महिन्यात टॉन्टनच्या सभेत एका बाईची गोष्ट सांगितली. वादळात समुद्र घरात शिरला, तर ही बाई लांब दांड्याचं पुसणं घेऊन अटलांटिक महासागर मागं लोटत बसली. बाई कोण आणि महासागर कोण, हे सभेला बरोबर कळलं. पुढच्याच वर्षी, १८३२ साली, कायदा झाला.

आता कारकुनी वजाबाकी करा. २१ मतं इकडची तिकडे झाली असती तर फरक पडला असता ४२ मतांचा, आणि विधेयक एका मतानं पास! त्या २१ जणांपैकी कुणी हसल्याची नोंद नाही. स्मिथना सेंट पॉल्समध्ये जागा मिळाली होती, पण बिशप त्यांना कुणी केलं नाही. फार हसतो म्हणे.

काका, तुमचं गांभीर्य तुमच्या खात्यावर सुखानं राहू द्या. व्याज मात्र मागू नका.