कशाच्या मोबदल्यात?

महाडजवळील नाते गावचे एक वयोवृद्ध किराणा व्यापारी दिवाळीच्या सुट्टीत नातवासह मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहावयास गेले. चिनी कलेच्या दालनात निळ्या-पांढऱ्या चिनी मातीची पात्रे, जेडच्या वस्तू, तपकिरीच्या इवल्या बाटल्या मांडलेल्या होत्या. यांतील पुष्कळसा ठेवा सर रतन टाटा व सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेला आहे.

नातवाने विचारले, "आजोबा, पूर्वी चीनचा माल येई, तेव्हा मुंबईहून काय जाई?"

"कापूस. आणि अफू."

एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून कँटनकडे रवाना होई. सर जमशेटजी जिजीभाई आणि मोतीशा शेठ हे त्या व्यापारातील मातब्बर. १८३४ साली मुंबईत पांजरपोळ उभारण्यात याच दोघांचा पुढाकार होता. पालिताण्याची मोतीशा टूंक आजही वंदनीय आहे. १८३९ मध्ये चीनने अफू जप्त करून नष्ट केली आणि त्यातून युद्ध पेटले.

शास्त्रांत श्रावकाला वर्ज्य अशा पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य गणले आहे. दान कितीही मोठे असले, तरी विकलेल्या मालाचा हिशेब वेगळाच राहतो.

"मग आपल्या दुकानातली तंबाखू?" नातवाने विचारले.

आजोबा निरुत्तर झाले. त्या मालावर नफा बरा सुटे. गावी परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दुकान उघडले आणि दारावरची तंबाखूच्या पुड्यांची माळ स्वहस्ते उतरविली.