पगाराची पावती आणि दोन घरांचा हिशेब

माझ्या पहिल्या पगाराची पावती बाबांनी लॅमिनेट करून आणली होती. भद्रावतीच्या आमच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली ती अजून लावलेली आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला बाबा ती दाखवायचे. मला लाज वाटायची आणि अभिमानही. त्या कागदाचा दुसरा अर्थ मला खूप उशिरा कळला. ज्या घरात सातबारा नव्हता, दुकान नव्हतं, सोनं नव्हतं, त्या घरात आलेलं ते पहिलं तारण होतं. आणि तारण आलं की त्यावर कर्ज निघतंच.

मी चेन्नईजवळच्या आवडीला राहते. नाव ऐकून आजी म्हणाली होती, "आवडी म्हणजे आवडायलाच पाहिजे माय." रणगाड्यांचा कारखाना, लष्करी कपड्यांचा कारखाना, इंजिनांचा कारखाना असं हे संरक्षण उत्पादनाचं गाव. चांदा, भंडारा, अंबाझरी, भुसावळ, वरणगाव, खडकी या महाराष्ट्रातल्या आयुध निर्माणींचं नातं असलेली माणसं इथल्या क्वार्टर्समध्ये भेटतात. 1 ऑक्टोबर 2021 ला आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. तेव्हापासून पुढे काय, हा प्रश्न प्रत्येक घरात आहे. माझी नोकरी इथे, जोडीदाराची शेजारच्या अंबत्तूरला खासगी कंपनीत. दोघांचे मिळून हातात 83,000 येतात. आमच्या वस्तीत हा आकडा सांगितला तर लोक म्हणतील, यांना कसली अडचण?

अडचण अशी. माझ्या शिक्षणाचं कर्ज होतंच. शिकत असताना हप्ता नव्हता, पण व्याज साठत होतं. नोकरी लागल्यावर साडेपाच हजारांच्या आसपास हप्ता सुरू झाला. मग कळलं की बाबांवर सावकाराचे 1,20,000 आहेत, शेकडा तीन रुपये महिना दराने. म्हणजे महिन्याला 3,600 नुसतं व्याज. मुद्दल जागच्या जागी. तेवढ्यात बहिणीचा नर्सिंगचा प्रवेश झाला. शिष्यवृत्ती मिळणार होती, पण तिचे पैसे येण्याआधी कॉलेजला फी हवी होती, 1,10,000. आणि घराचं छप्पर, 70,000. बँकेने पगाराची पावती बघून तीन लाखांचं वैयक्तिक कर्ज दिलं. चौदा टक्के व्याज, तीन वर्षं, हप्ता 10,250.

हे कर्ज मी जोडीदारापासून लपवलं.

का लपवलं, हे इथे लिहिते, कारण वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या फोनमध्ये असंच काहीतरी लपलेलं असणार. लग्न झालेल्या मुलीने माहेरचं कर्ज फेडायचं, हे आपल्या घरांतही अजून सहज बोललं जात नाही. दुसरं, घरी मी "साहेबीण" होते, साहेबिणीला कर्ज कसं असेल? तिसरं, ऑफिसात एक सहकारी जेवताना नेहमी म्हणायचा, "तुम्हाला तर सगळं फुकटात मिळतं." त्याच्यासमोर पैशांची ओढाताण दिसणं म्हणजे हरणं, असं वाटायचं.

लपवलेल्या हप्त्याची जागा किराण्याने घेतली. किराणा क्रेडिट कार्डावर गेला. मुलाच्या शाळेचे बूट कार्डावर, गावाकडच्या तिकिटांचे पैसे कार्डावर. दीड वर्षात थकबाकी 68,000 झाली. मी दर महिन्याला "किमान देय रक्कम" भरायचे, 3,400, आणि समाधानी असायचे. एका रविवारी जोडीदाराच्या हातात ते बिल पडलं. भांडण झालं नाही, ते झालं असतं तर बरं. तो एवढंच म्हणाला, "तू मला परकं समजलीस." त्या रात्री आम्ही पहिल्यांदा वही घेऊन बसलो.

वहीत आधी कार्डाचं बिल उलगडलं. 68,000 वर महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज 2,380. त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी, 428. म्हणजे मी भरलेल्या 3,400 मधून मुद्दलात जात होते 592 रुपये. बाबांच्या सावकाराला आम्ही शिव्या देत होतो, तो वर्षाला 36 टक्के घेत होता. माझ्या पाकिटातला सावकार 42 टक्के घेत होता, वर कर वेगळा. तो गुळगुळीत होता, इंग्रजी बोलत होता, म्हणून मला तो सावकार वाटला नाही.

मग गावाकडे जाणारे पैसे. मी विचार न करता सांगितलं, महिन्याला आठ हजार. तीन महिन्यांचे व्यवहार फोनमधून काढून बेरीज केली तर सरासरी निघाली चौदा हजार. पाचशे औषधाला, हजार सिलेंडरला, दोन हजार मावशीच्या मुलीच्या लग्नाला. प्रत्येक रक्कम खरी गरज होती, एकही उधळपट्टी नव्हती. पण बेरीज कुणीच केली नव्हती, मीही नाही आणि आईनेही नाही.

इथे माझा मुद्दा येतो. घरखर्चावरचे सल्ले आपल्याला बसत नाहीत, कारण ते एका घरासाठी लिहिलेले असतात. पगारातले 50 टक्के गरजांना, 30 टक्के हौसेला, 20 टक्के बचत आणि कर्जफेडीला, हे सूत्र तुम्ही ऐकलं असेल. अमेरिकेत एलिझाबेथ वॉरेन आणि त्यांच्या मुलीने 2005 च्या पुस्तकातून ते लोकप्रिय केलं. त्यात वडिलांच्या सावकाराचा रकाना नाही. ज्यांच्या आईवडिलांना पेन्शन आहे, राहतं घर आहे, अडीअडचणीला मोडायला जमीन आहे, त्यांना तो रकाना लागतही नाही. आमच्या आईवडिलांचं पेन्शन म्हणजे आम्हीच. त्यामुळे आमचा पगार एक आणि घरं दोन, कधी तीन.

हे माझ्या एकटीचं रडगाणं नाही. 2019 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातली 35 टक्के कुटुंबं कर्जात होती, शहरी भागातली 22.4 टक्के. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, शहरातल्या थकीत कर्जापैकी 13 टक्के बँका-संस्थांच्या बाहेरचं होतं, तर खेड्यांत 34 टक्के. शहरात नोकरी लागलेली पहिली मुलगी किंवा मुलगा काय करतो? खेड्यातलं ते बाहेरचं कर्ज आपल्या पावतीवर बँकेत आणतो. जातीने पिढ्यान्‌पिढ्या जमीन आणि भांडवल नाकारलं, त्याची थकबाकी अशी एका पगारातून वसूल होते. याला कुणी "खर्चाची शिस्त नाही" म्हणत असेल, तर त्याने आधी आपल्या आजोबांचा सातबारा टेबलावर ठेवावा.

पण हे समजलं म्हणून हप्ता कमी होत नाही. राजकारण समजणं आणि वही लिहिणं, दोन्ही लागतं. आम्ही काय केलं ते सांगते. सगळ्यांना जसंच्या तसं लागू होईल असं नाही.

सगळी कर्जं एका पानावर लिहिली. कुणाचं, किती, व्याज वर्षाला किती टक्के. "शेकडा तीन" ऐकायला लहान वाटतं, म्हणून बाराने गुणून लिहिलं. मग जास्त व्याजाचं कर्ज आधी, हा क्रम लावला. माझ्या चार बांगड्या होत्या. इथे गल्लोगल्ली "अडगु कडै" म्हणजे गहाणाची दुकानं आहेत, पण आम्ही बँकेत गेलो. बांगड्यांवर साडेनऊ टक्के वार्षिक दराने 68,000 घेतले आणि कार्ड बंद केलं. व्याज आणि कर मिळून 2,808 जात होते, त्या जागी पहिल्या महिन्याचं व्याज 538 झालं. आता दरमहा 6,500 भरतो, वर्षाच्या आत बांगड्या परत येतील. यात धोका आहे. हप्ते थकले तर सोनं लिलावात जातं, आणि बंद केलेलं कार्ड पुन्हा काढलं तर दोन्ही कर्जं डोक्यावर बसतात. म्हणून कार्ड कात्रीने कापलं.

तीन लाखांचं कर्ज मात्र चूक नव्हतं, हे वहीने सांगितलं. सावकाराच्या 1,20,000 वर वर्षाला 43,200 व्याज जात होतं. तेवढ्याच रकमेवर चौदा टक्क्यांनी पहिल्या वर्षी जास्तीत जास्त 16,800. कर्ज घेणं बरोबर होतं, लपवणं चूक होतं. ही दोन वाक्यं वेगळी करायला मला दीड वर्ष लागलं.

सर्वात अवघड काम मात्र बँकेत नव्हतं, घरी होतं. आम्ही ठरवलं की गावाकडची रक्कम "उरलं तर" या खात्यात राहणार नाही. ती हप्त्यासारखी ठरलेली असेल, महिन्याच्या पहिल्या तारखेला जाईल. माझ्या घरी आठ हजार, सासूबाईंना पाच हजार. हप्ते आणि सोन्याचे मिळून 22,210, दोन घरांचे 13,000. एकूण 35,210. शंभरातले 42 रुपये. उरलेल्यात आमचं घर. हा आकडा मी आईला फोनवर वाचून दाखवला, कर्जांसकट.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मले वाटलं तुह्यापाशी उरत असन. एवढं हाय तर आधी काऊन नाही सांगितलं?" बाबा दोन आठवडे बोलले नाहीत. वस्तीत कुणी म्हणालं, पोरगी शहरात गेली अन् बदलली. ते लागलं. पण पुढच्या महिन्यात आईनेच सांगितलं की मावशीला तिने नाही म्हटलं, आणि औषधं आता ती सरकारी दवाखान्यातून आणते. बचत गटात वर्षानुवर्षं पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला हिशेब समजणार नाही, असं मी गृहीत धरलं होतं. पदवी माझी होती, समज तिची जास्त होती.

काही जण म्हणतील, आईवडिलांनी हाडं झिजवली, त्यांच्यापुढे वही धरायची? मी म्हणते, न सांगता पाठवत राहणं हा त्यांचा मान नाही. ते त्यांना अंधारात ठेवणं आहे. आणि एक दिवस पैसे थांबले की त्यांना कारणही कळत नाही.

कर्जाची लाज वाटते त्यांनी एक गोष्ट आठवावी. बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती बाबासाहेबांना 1913 मध्ये मिळाली, ती दहा वर्षं नोकरीच्या करारावर. 1920 मध्ये अपुरं शिक्षण पुरं करायला ते पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा सोबत होती सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं पाच हजारांचं कर्ज. 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणारा माणूस मित्राच्या उसन्या पैशावर शिकत होता, आणि इकडे रमाई तुटपुंज्या पैशात घर चालवत होत्या. त्यांना लाज वाटायला हवी होती का? मग आपल्याला का वाटावी?

आता मागणी. सरकारकडे मागायचं ते मागूच. शिष्यवृत्ती वेळेवर आली असती तर माझ्या कर्जातले 1,10,000 काढावेच लागले नसते. कायदेही आहेत. महाराष्ट्रात 2014 च्या कायद्याने विनापरवाना सावकारी गुन्हा आहे, तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. तमिळनाडूत भरमसाट व्याजाविरुद्ध, म्हणजे इथल्या भाषेत "कंदुवट्टी"विरुद्ध, 2003 चा कायदा आहे. पण काही मागणी आपल्या स्वतःकडेही आहे. आपल्या विहारांत, जयंती मंडळांत स्पर्धा परीक्षांचं मार्गदर्शन होतं, ते हवंच. नोकरी लागलेल्यांचा सत्कार होतो. त्या सत्कारानंतर महिन्यातून एक संध्याकाळ कर्जाच्या वहीसाठी का नसावी? कुणी ज्येष्ठ बँक कर्मचारी, कुणी बचत गटातली ताई बसेल, आणि शाल घेतलेला मुलगा न लाजता विचारेल, "हे बिल मला समजावून सांगा."

बाबांना मी मागच्या सुट्टीत वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून दोन पानं वाचली. लॅमिनेट केलेली पावती भिंतीवर होतीच. त्यांनी विचारलं, "सावकाराचं खरंच फिटलं ना?" मी म्हटलं, "हो, ते फिटलं. आता बँकेचं चालू आहे, अजून चौदा हप्ते." त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने चौदा लिहिलं. आता दर महिन्याच्या पाच तारखेला त्यांचा फोन येतो, "तेरा झाले का?"

जय भीम.