बुधवारची पंगत

हॉटेलात जेवणे ही गोष्ट आमच्या लहानपणी फारशी प्रतिष्ठेची मानली जात नसे. ज्याच्या घरी रांधणारे कोणी नाही त्याने खानावळ गाठावी, घरचा संसार असलेल्याने बाहेर पान मांडू नये, अशी आमच्या आजीची सरळ समजूत होती. काचीगुड्याच्या आमच्या घरात ही समजूत इतकी मुरलेली होती की, कचेरीतून येताना वाटेत इराण्याकडे चहा घेतल्याचे वडील घरी सांगत नसत. त्याच आजीचे नातू असलेले आम्ही पुढे महिन्यातून एकदा सात सहकाऱ्यांसह उपाहारगृहे शोधत हिंडू लागलो, हे तिला कळते तर तिने काय म्हटले असते, हा विचार आमच्या मनात अनेकदा येतो.

या उपक्रमाचा आरंभ २०१८ च्या जानेवारीत झाला. आमची कचेरी अबिड्सजवळ. एका विभागात आम्ही आठजण. हिशेब पाहणाऱ्या बाई किनारी आंध्राकडच्या, दोघे जुन्या शहरातले मुसलमान गृहस्थ, एक मारवाडी, दोन तरुण तेलुगू कारकून, आमचे शिपाई, आणि आम्ही. शिपायांना सारी कचेरी ‘अन्ना’ म्हणे. वर्षानुवर्षे शेजारी बसून काम करावे आणि जेवणाच्या सुट्टीत प्रत्येकाने आपापला डबा घेऊन आपापल्या कोपऱ्यात जावे, याचे कोणालाच काही वाटत नव्हते. एकदा बाईंनीच विषय काढला की, महिन्यातून एक दिवस तरी सर्वांनी एका टेबलाशी बसावे.

पहिली अडचण आली ती वाराची. सोमवारी मारवाडी मित्राचा उपास. मंगळवारी दोघा तरुणांचे हनुमंताचे व्रत. गुरुवारी बाई साईबाबांचा उपास करीत. शुक्रवारी दुपारी दोघे गृहस्थ नमाजाला जात. शनिवार व्यंकटेश्वराचा, त्या दिवशी तेलुगू मंडळी सामिष अन्नाला शिवत नाहीत. उरला तो बुधवार! पगारानंतरचा पहिला बुधवार ठरला. या देशात आठ माणसांनी एकत्र जेवायचे म्हणजे आधी पंचांग उघडावे लागते, हा धडा आम्हांला पहिल्याच दिवशी मिळाला.

दुसरी अडचण स्थळाची. पहिले तीन महिने आम्ही जवळच्याच वातानुकूलित हॉटेलांत गेलो. हॉटेले तीन, पण भोजनपत्रिका जणू एकाच छापखान्यातली. तेच लोणी घातलेले पनीर, तेच मांचुरियन, तीच तंदुरी रोटी. बिलाचे आठ समान भाग करून आम्ही उठत असू, आणि ही वाटणी न्याय्य आहे याविषयी कोणालाच शंका नव्हती.

चौथ्या महिन्यात अन्ना आले नाहीत. “आज नक्को साब, पेट ठीक नहीं,” एवढेच म्हणाले. (हैदराबादच्या दख्खनी बोलीतला हा ‘नक्को’ आपल्या ‘नको’चाच भाऊबंद, हे येथील मराठी वाचकांना सांगणे नको.) पाचव्या महिन्यातही त्यांचे पोट बिघडलेलेच होते. त्या दिवशी आम्ही जेवून थोडे लवकर परतलो. जिन्याच्या वळणावर अन्ना डबा उघडून बसले होते, आणि डब्यात ज्वारीची भाकरी व लालभडक मिरचीचा ठेचा होता. बिघडलेल्या पोटाने कोणी ठेचा खात नाही. त्यांनी आम्हांला पाहिले, आम्ही त्यांना पाहिले, आणि दोघेही काही न बोलता आपापल्या जागी गेलो.

बिलाचे आठ भाग समान होते, परंतु आठ पगार समान नव्हते. इतकी उघड गोष्ट हिशेबात हयात घालवलेल्या माणसांना पाच महिने दिसू नये, याची लाज आजही वाटते. अन्नांच्या वाटणीचे पैसे आपण भरावेत, असे एका तरुणाने सुचवले. बाईंनी ते तत्काळ मोडून काढले. “फुकट जेवायला ते एकदा येतील, दुसऱ्यांदा येणार नाहीत,” त्या म्हणाल्या, आणि युक्तीही त्यांनीच काढली. दर महिन्याच्या अखेरीस प्रत्येकाने एका चिठ्ठीवर, नाव न घालता, आपल्याला सहज झेपेल असा आकडा लिहून रिकाम्या डब्यात टाकावा. आठ चिठ्ठ्यांतला सर्वांत लहान आकडा ही त्या महिन्याची माणशी मर्यादा. त्याहून अधिक कोणी खर्च करावयाचा नाही, स्वतःच्या हौसेनेही नाही. स्थळ निवडण्याची पाळी मात्र क्रमाने सर्वांची.

यातून एक फळ असे निघाले की, जे आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानी आले नव्हते. मर्यादा खाली आली तशी वातानुकूलित हॉटेले आपोआप गळाली, आणि जेथे एकेका जातीचे, एकेका प्रांताचे अन्न शिजते अशा गल्लीबोळांतल्या जागा पुढे आल्या. खिसा आखडला आणि पान विस्तारले.

मारवाडी मित्राने बेगमबाजारच्या एका भोजनालयात नेले. तेथे गट्ट्याची भाजी आणि तव्यावरून थेट ताटात पडणारे फुलके. बाईंनी आंध्र मेस दाखवली. पहिल्या भातावर कोरडी पूड आणि तूप, मग पप्पू म्हणजे वरण, अंबाडीचे गोंगुरा लोणचे, मग पुलुसू, चारू, आणि शेवटी दहीभात. वरणभाताने आरंभ व ताकभाताने शेवट करणाऱ्या आमच्यासारख्याला हा क्रम परका कसा वाटावा? जुन्या शहरातल्या गृहस्थांनी बिर्याणी खिलवली. मसाल्यात मुरवलेले कच्चे मांस आणि अर्धकच्चा तांदूळ एका भांड्यात घालून, झाकण कणकेने लिंपून दमावर शिजवण्याची तिची रीत त्यांनी रसाळपणे वर्णन केली. आम्ही शाकाहारी. आमच्यापुढे बगारा बैंगन आले. शेंगदाणे, तीळ, खोबरे आणि चिंच यांचे ते वाटण चाखताच आपल्या भरल्या वांग्यांची आठवण झाली. रमजानात दुपारची पंगत बंद. त्याऐवजी एका संध्याकाळी रोजा सोडण्याच्या वेळी आम्ही सर्वजण गेलो. इतरांनी हलीम घेतले, आम्ही खजूर आणि फळे घेतली. या हलीमला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि २०१९ साली युनेस्कोने हैदराबादला पाककलेसाठी सर्जनशील नगर म्हणून निवडले. मान शहराला मिळाला खरा, परंतु तो चालवला आहे तो अशाच लहान लहान चुलींनी.

अन्नांची पाळी आली तेव्हा ते दोन दिवस अस्वस्थ होते. शेवटी त्यांनी कोठीमागच्या एका खोलीवजा जागेत नेले. बाके लाकडी, पाणी स्टीलच्या जगात. ताटात आली ज्वारीची भाकरी, तेलुगूत जिला जोन्न रोट्टे म्हणतात ती, आणि तिच्यामागून सर्वपिंडी. तांदळाच्या पिठात भिजवलेली हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, तीळ व मिरची घालून, भांड्यात थापून, बोटाने भोके पाडून त्यांत तेल सोडतात. थालीपीठच ते! १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मराठवाड्याचे पाचही जिल्हे याच हैदराबाद राज्यात होते. सीमा कागदावर आखल्या गेल्या, पण तव्याला त्या ठाऊक नव्हत्या. आमच्या आजीच्या थालिपिठालाही अशीच भोके असत, असे आम्ही अन्नांना सांगितले. ते प्रथमच मोकळेपणाने हसले, आणि आणखी एक मागवून आमच्या ताटात वाढले. त्या दिवशीचे बिल मर्यादेच्या निम्म्यानेही नव्हते.

असा उपक्रम कोणास करावयाचा असल्यास चार गोष्टी सांगतो. ज्याची पाळी असेल त्याने जागा आधी एकट्याने पाहून यावी. सुट्टी तासाभराची, तेव्हा चालत जाण्याच्या टप्प्यातली जागा धरावी आणि साडेबाराला, गर्दीच्या आधी, पोहोचावे. शाकाहारी माणसाला पोटभर काय मिळेल, हे विचारून ठेवावे. नुसत्या दहीभातावर त्याची बोळवण करू नये. आणि तीच जागा वर्षाच्या आत पुन्हा घेऊ नये. मात्र या साऱ्यांहून मोठी गोष्ट त्या डब्यातल्या चिठ्ठ्यांची.

एक कबुली देऊन हे पुरे करतो. एका पावसाळ्यात आमच्या घरी दवाखान्याचा मोठा खर्च निघाला. महिनाअखेर डबा समोर आला, तेव्हा आम्ही क्षणभर थांबलो आणि मग खरा आकडा लिहिला. चिठ्ठ्या उघडल्या गेल्या. सर्वांत लहान आकडा आमचा होता. कोणी वर पाहिले नाही, कोणी विचारले नाही. बाईंनी तो आकडा फळ्यावर लिहिला, आणि पाळी होती त्या तरुणाने उडुपी हॉटेलातल्या इडली-सांबारावर पंगत उठवली. जी व्यवस्था आपण दुसऱ्याच्या सोयीसाठी केली असे आम्ही मनात समजत होतो, ती आमच्याही सोयीची होती, हे त्या दिवशी कळले.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि पंगत मोडली. कचेरी पूर्ववत सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात कोणीतरी आमच्या टेबलावर तो रिकामा डबा आणून ठेवला. आम्ही मान वर करून पाहिले. अन्ना होते.