विद्यापीठाचे दार कोणासाठी?

विद्यापीठाचे पहिले दार आज केगावच्या आवारात नाही. ते संकेतस्थळावर आहे. प्रवेशाचा अर्ज, परीक्षेचे वेळापत्रक, निकाल, सूचना, सारे तेथेच. शुक्रवार पेठेतील डोळस विद्यार्थी घरबसल्या ते दार उघडतो. त्याच गल्लीतील अंध विद्यार्थ्याला ते उघडता येते काय? हा प्रश्न २००४ साली स्थापन झालेल्या सोलापूरच्या विद्यापीठापुरता नाही. तो महाराष्ट्रातील प्रत्येक विद्यापीठाला आहे.

वाचकहो, अंध मनुष्य संगणक वापरू शकत नाही, ही समजूत अज्ञानमूलक आहे. स्क्रीन रीडर पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवितो. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर तर विनामूल्य मिळतो. परंतु त्याला वाचावयास अक्षरे हवीत. सही-शिक्क्याचे परिपत्रक केवळ छायाचित्र म्हणून चढविले, की तो त्याला कोरा कागद ठरतो. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेली मराठी तो निरर्थक चिन्हांप्रमाणे वाचतो. अर्जातील चौकटीला तिचे नाव जोडलेले नसेल, तर तेथे आईचे नाव लिहावयाचे की जन्मतारीख, हे कळत नाही. मग अर्ज दुसऱ्याकडून भरून घ्यावा लागतो. म्हणजे आपला पासवर्ड, आपले गुण, आपल्या घरचे उत्पन्न परक्याच्या हाती द्यावयाचे. याला समान संधी म्हणावे काय? बहिऱ्या विद्यार्थ्याला चित्रफितीखाली लिखित शब्द हवेत, हाताने अधू असणाऱ्याला माऊसवाचून चालणारे पान हवे. त्यांचीही अडचण याच जातीची आहे.

कायदा याविषयी मुका नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखल्या, आणि कलम ४२ अन्वये माहिती सुगम स्वरूपात पुरविण्याची जबाबदारी शासनावर टाकली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात, सुगमतेचे नियम केवळ शिफारशीच्या स्वरूपाचे असून चालणार नाहीत, ते बंधनकारक असले पाहिजेत, असा निर्णय दिला. ३० एप्रिल २०२५ रोजी त्याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग ठरविला. परंतु कायदा झाला म्हणजे हक्क हाती आला असे होत नाही, हे आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. जागा राखून ठेवावयाची आणि त्या जागेचा अर्जच वाचता येऊ नये, ही राखीव जागेची थट्टा आहे.

असे विद्यार्थी फार थोडे, असे कोणी म्हणेल. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग नोंदले गेले. ज्याला दारच उघडत नाही, तो आत मोजला जाईल कसा?

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक परिपत्रक युनिकोड मजकुरात प्रसिद्ध व्हावे. प्रत्येक अर्ज खुला करण्यापूर्वी तो दिव्यांग विद्यार्थ्यांकडून तपासून घ्यावा. यास दया नको, शिस्त हवी. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हीही स्वस्थ बसू नका. कलम २३ प्रमाणे प्रत्येक शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी असलाच पाहिजे, व तक्रार नोंदविल्यापासून दोन आठवड्यांत तिची चौकशी झालीच पाहिजे. तेव्हा अडलेल्या पानाचे नाव व तारीख लिहून तक्रार नोंदवा आणि पोच मागून घ्या. न मागितलेला हक्क कागदावरच पिवळा पडतो.