विश्लेषण : पाणी २०६१ पर्यंत, घर ९९ वर्षांसाठी! सिंगापूरपुढचा मुदतीचा पेच काय आहे?

स्वच्छ रस्ते, वेळेवर धावणारी मेट्रो आणि जगातील सर्वाधिक गजबजलेल्या बंदरांपैकी एक, ही सिंगापूरची ओळख सर्वांना ठाऊक आहे. पण या बेटावरच्या दोन मूलभूत गोष्टींना कागदोपत्री मुदत आहे. शेजारच्या मलेशियातून येणाऱ्या पाण्याचा करार २०६१ मध्ये संपतो. बहुतांश नागरिक ज्या घरांत राहतात, ती ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर आहेत आणि त्यांतील सर्वात जुने पट्टेही २०६०च्या दशकातच संपू लागतील.

बेट केवढे?

सिंगापूरचे क्षेत्रफळ आज सुमारे ७३५ चौरस किलोमीटर आहे. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन जिल्हे एकत्र केले तर ६०३ चौरस किलोमीटर होतात, यावरून अंदाज यावा. ९ ऑगस्ट १९६५ रोजी मलेशियापासून वेगळे झाले तेव्हा हे बेट ५८० चौरस किलोमीटरच्या आसपास होते. उरलेली जमीन समुद्रात भराव टाकून मिळवलेली आहे. २०२५ मध्ये लोकसंख्या ६१ लाखांवर गेली, पण त्यात नागरिक जेमतेम ३७ लाख. सुमारे १९ लाख लोक कामासाठी वा शिक्षणासाठी आलेले परदेशी आहेत.

पाण्याचा करार काय आहे?

सिंगापूर आणि मलेशियाचे जोहोर राज्य यांच्यामध्ये एक चिंचोळी सामुद्रधुनी आहे. तिच्यावरचा एक किलोमीटरहून किंचित लांब जोडरस्ता १९२४ मध्ये खुला झाला. याच रस्त्यावरून जलवाहिन्याही आल्या. दुसऱ्या महायुद्धात माघार घेताना ब्रिटिशांनी हा रस्ता उडवला आणि त्याबरोबर जोहोरचे पाणीही तुटले. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी ब्रिटिशांनी जपानसमोर शरणागती पत्करली, त्यामागे शहरातील कोलमडलेला पाणीपुरवठा हे एक मोठे कारण होते. सिंगापूरच्या राज्यकर्त्यांच्या डोक्यातून ही आठवण कधी गेली नाही.

पुढे १९६१ आणि १९६२ मध्ये जोहोरशी दोन करार झाले. पहिला २०११ मध्ये संपला. दुसऱ्यानुसार सिंगापूर २०६१ पर्यंत जोहोर नदीतून रोज २५ कोटी गॅलन पाणी उचलू शकते. लिटरमध्ये सांगायचे तर सुमारे ११४ कोटी, म्हणजे मुंबईला रोज मिळणाऱ्या पाण्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडे कमी. मुंबईही भातसा-वैतरणाच्या पाण्यावरच जगते, पण ठाणे-पालघर हा काही वेगळा देश नाही.

मलेशियाची तक्रार काय?

दराची. हजार गॅलनला तीन सेन, असा भाव १९६२ मध्ये ठरला. शंभर सेनचा एक मलेशियन रिंगिट होतो. म्हणजे सुमारे साडेचार हजार लिटर पाण्याला भारतीय चलनात एक रुपयाही पडत नाही. यातलेच काही पाणी शुद्ध करून सिंगापूर जोहोरला हजार गॅलनला ५० सेन दराने परत विकते. ‘आमचेच पाणी आम्हाला महाग’ हा मुद्दा मलेशियाच्या राजकारणात वरचेवर उचलला जातो. महाथीर मोहम्मद २०१८ मध्ये पुन्हा पंतप्रधान झाले, तेव्हाही त्यांनी या दरावर कडक टीका केली होती.

सिंगापूरचे उत्तर कायदेशीर आहे. करारात २५ वर्षांनी, म्हणजे १९८७ मध्ये, दराचा फेरविचार करण्याची सोय होती. ती संधी मलेशियाने घेतली नाही, त्यामुळे आता हक्क उरला नाही, असे सिंगापूर म्हणते. शिवाय शुद्धीकरणाचा खर्च ५० सेनच्या कितीतरी पट असल्याचाही त्याचा दावा आहे. करार १९६५ च्या विभाजनाच्या दस्तावेजात समाविष्ट असल्याने तो मोडणे म्हणजे सिंगापूरच्या स्वातंत्र्यालाच हात घालणे, अशी तेथील सरकारांची भूमिका राहिली आहे. तीन सेनचा आग्रह पैशांसाठी कमी आणि यासाठी अधिक आहे.

पण करार टिकला तरी नदीला पाणी हवे. जोहोर नदीला आधार देणाऱ्या लिंगगिऊ धरणाचा साठा ऑक्टोबर २०१६ मध्ये २० टक्क्यांपर्यंत घसरला होता.

मग पर्याय काय शोधले?

पावसाचे पाणी अडवणे हा एक. बेटाच्या दोन तृतीयांश भागावर पडणारा पाऊस गोळा होतो. शहराच्या ऐन मध्यात, नदीच्या मुखाशी २००८ मध्ये मरिना बराज बांधून गोड्या पाण्याचा तलाव तयार केला गेला. दुसरा पर्याय ‘न्यूवॉटर’, म्हणजे सांडपाणी अतिसूक्ष्म गाळणीतून व अतिनील किरणांतून काढून पुन्हा वापरणे. २००३ पासून ते पुरवले जाते. मोठा वाटा चिप बनवणाऱ्या कारखान्यांना जातो, कोरड्या महिन्यांत काही पाणी जलाशयांत मिसळतात. तिसरा पर्याय समुद्राचे पाणी गोडे करण्याचा. असा पहिला प्रकल्प २००५ मध्ये तुआस येथे सुरू झाला, आज पाच आहेत.

अडचण विजेची आहे. समुद्राचे पाणी गोडे करायला भरपूर वीज लागते आणि सिंगापूरची ९० टक्क्यांहून अधिक वीज नैसर्गिक वायूवर बनते. हा सगळा वायू आयात केलेला. त्यातही काही मलेशिया व इंडोनेशियातून वाहिनीनेच येतो.

घर ‘मालकीचे’ म्हणजे कसे?

शहर सुधारण्याचा विषय निघाला की आपल्याकडे सिंगापूरच्या घरांचा दाखला हमखास दिला जातो. दाखला खरा आहे. १९६० मध्ये स्थापन झालेल्या गृहनिर्माण मंडळाने दहा लाखांहून अधिक सदनिका बांधल्या. चारपैकी तीनहून अधिक रहिवासी त्यांत राहतात आणि बहुतेक जण मालक आहेत. हप्ते सक्तीच्या भविष्यनिर्वाह निधीतून भरता येतात. मात्र १९६६ च्या भूसंपादन कायद्याच्या बळावर सरकारने अल्प मोबदल्यात जमिनी घेतल्या आणि आज बेटावरची बहुतांश जमीन सरकारची आहे, हा भाग आपल्या चर्चेत सहसा येत नाही.

ही मालकी ९९ वर्षांची. सत्तरीत पोहोचलेल्या घराला गिऱ्हाईक आणि कर्ज दोन्ही मिळणे अवघड होते. जुन्या इमारती सरकार पाडून नवी घरे देईल, या भरवशावर अनेकांनी चढ्या दराने जुनी घरे घेतली. मार्च २०१७ मध्ये तत्कालीन राष्ट्रीय विकासमंत्र्यांनी हा भरवसा चुकीचा असल्याचे स्पष्ट केले. पुनर्विकास मोजक्याच इमारतींचा होतो, बाकी घरे मुदत संपताच मंडळाकडे परत जातील, असे त्यांनी सांगितले. ते मंत्री म्हणजे आजचे पंतप्रधान लॉरेन्स वोंग.

गेलांगमध्ये काय घडले?

मुदत संपणे म्हणजे काय, हे सिंगापूरने एकदा पाहिले आहे. गेलांग भागातील १९१ खासगी बैठ्या घरांचा ६० वर्षांचा पट्टा ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. जमीन सरकारजमा झाली, भरपाई नाही. त्या मोजक्या घरांचे निभावले. मंडळाच्या वसाहतींत मात्र मतदार राहतात आणि बहुतेकांची आयुष्यभराची पुंजी त्याच भिंतींत आहे.

वोंग सरकारपुढे कोणते मार्ग?

१९५९ पासून सत्तेत असलेल्या पीपल्स ॲक्शन पार्टीने मे २०२५ च्या निवडणुकीत ९७ पैकी ८७ जागा जिंकल्या, त्यामुळे राजकीय उसंत आहे. सुमारे ७० वर्षांच्या इमारतींतील रहिवाशांनी मतदानाने ठरवल्यास सरकार घरे विकत घेईल, अशी योजना २०१८ मध्ये जाहीर झाली. ती पुढील दशकात सुरू व्हायची आहे. भरपाईचा आकडा अजून ठरलेला नाही. त्यात २०२३ मध्ये जननदर प्रथमच एकच्या खाली, ०.९७ वर आला. २०३० पर्यंत दर चार नागरिकांत एक जण पासष्टीच्या पुढचा असेल. जुनी घरे विकणारे पुष्कळ आणि घेणारे थोडे, अशी वेळ आली तर योजनेचा खर्च कुठे जाईल, हे उघड आहे.

मलेशियाशी जवळीक वाढवण्यावरही भर आहे. जोहोर आणि सिंगापूर यांच्या विशेष आर्थिक क्षेत्राचा करार जानेवारी २०२५ मध्ये झाला.

आणखी एक प्रकल्प पाणी आणि जमीन दोन्ही देणारा आहे. बेटाचा सुमारे ३० टक्के भाग समुद्रसपाटीपासून पाच मीटरपेक्षाही कमी उंचीवर आहे. म्हणून पूर्व किनाऱ्यासमोर भराव टाकून सुमारे ८०० हेक्टरचे ‘लाँग आयलंड’ उभारायचे, त्याने लाटा अडवायच्या आणि मधल्या पाण्याचा गोडा जलाशय करायचा, असा विचार २०२३ पासून पुढे आला आहे. भरावाला वाळू लागते आणि इंडोनेशियाने २००७ मध्येच सिंगापूरला जाणारी वाळू बंद केली होती. त्यामुळे तेकाँग बेटावर आता डच पद्धतीने आधी बांध घालून आतले पाणी उपसण्याचा प्रयोग झाला आहे. त्यात वाळू कमी लागते, पंप मात्र कायम चालू ठेवावे लागतात.