बंगळुरूचा रॉक आणि ‘आयर्न मेडन’चा वारसा

ब्रिटनच्या ‘आयर्न मेडन’ या हेवी मेटल समूहाने १७ मार्च २००७ रोजी बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंडवर भारतातील आपली पहिली मैफल सादर केली. दिल्लीच्या ‘परिक्रमा’लाही त्या मंचावर स्थान मिळाले. लंडनमध्ये १९७५ साली स्टीव्ह हॅरिस यांनी स्थापन केलेल्या या समूहाचे भव्य नेपथ्य आणि ‘एडी’ हे अक्राळविक्राळ पात्र यांमुळे त्याची मैफल नाट्यप्रयोगच ठरते.

या घटनेचे फलित पुढे दिसले. समूहाने २००८ चा जागतिक दौरा मुंबईतून सुरू केला आणि २००९ मध्ये तो पुन्हा बंगळुरूत आला. ऑक्टोबर २०११ मध्ये गुडगावचा कार्यक्रम रद्द झाला, तरी ‘मेटालिका’ने बंगळुरूत वादन केले.

मात्र हा श्रोतृवर्ग मेडनने घडवला, असे म्हणणे योग्य ठरणार नाही. बंगळुरूचा ‘क्रिप्टोस’ १९९८ पासूनच स्वरचित गाणी सादर करीत होता. मेडनमुळे हा श्रोतृवर्ग आयोजकांच्या नजरेस आला, इतकेच. परदेशी समूहासाठी मैदान भरते. स्थानिक कलावंताला मात्र लहान सभागृह आणि नियमित मानधन हवे असते. या वारसाचे खरे मोल त्यावरच ठरेल.