पाणी गाळावं, आठवण गाळू नये



पंधरा ऑगस्ट जवळ आला की आपल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर चार ओळींचा एक मजकूर फिरू लागतो. 'अमर जैन हुतात्मा मोतीचंद शहा यांना कोटी कोटी नमन.' खाली तिरंगा, वर जोडलेले हात. आपणही हात जोडतो आणि पुढे पाठवतो. यंदा मला तो पुढे पाठवावासा वाटला नाही. नमन करायचं नाही म्हणून नव्हे, तर त्या चार ओळींत तो मुलगा कुठे दिसतच नाही म्हणून.

मोतीचंद सोलापूर जिल्ह्यातला, पंढरपूरजवळच्या करकंबचा. परभणीकरांना तो लांबचा वाटतो, पण तसा तो लांबचा नाही. आपल्याकडच्या कितीतरी घरांतली मुलं कारंजा, कुंभोज-बाहुबली आणि वेरूळच्या गुरुकुलांत शिकून आली. ही गुरुकुलं ज्यांच्या प्रेरणेने उभी राहिली ते समंतभद्र महाराज दीक्षेपूर्वी करमाळ्याचे देवचंद शहा होते आणि मोतीचंद हा त्यांचा जिवलग मित्र. आपल्या घरातल्या एखाद्या काकांनी किंवा मामांनी गुरुकुलात जे शिस्तीचे धडे घेतले, त्यांच्या मागे कुठेतरी या मैत्रीचीही सावली आहे.

समाजात चालत आलेली हकीकत अशी. मोतीचंदचे वडील तो लहान असतानाच गेले. घरची परिस्थिती बेताची. आई आणि नातलग यांनी मिळून त्याला वाढवलं. तो काळ टिळकांच्या स्वदेशीचा होता आणि सोलापूर भागातली ही जैन मुलं त्या वाऱ्याने भारलेली होती. देवचंद आणि मोतीचंद यांनी कुंथलगिरीला जाऊन आजन्म ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा घेतली असं सांगतात. कुंथलगिरी तुम्हाला वेगळी सांगायला नको. कुलभूषण आणि देशभूषण या दोन भावांची ती निर्वाणभूमी. जागा अचूक निवडली होती म्हणायची. एकमेकांना न सोडणारे दोन भाऊ आणि त्यांच्यापुढे उभे राहिलेले हे दोन मित्र.

पुढे मोतीचंद जयपूरला पंडित अर्जुनलाल सेठी यांच्या जैन वर्धमान विद्यालयात गेला. सेठीजी पदवीधर विद्वान, धर्माचे पक्के आणि क्रांतिकारकांशी संबंध असलेले. तिथे धर्मशिक्षणाबरोबर देशासाठी मरण्याचंही शिक्षण मिळत होतं.

आता यापुढचा भाग. तो त्या चार ओळींत कधीच येत नाही.

क्रांतिकार्याला पैसा हवा होता. 20 मार्च 1913 रोजी बिहारमधल्या तेव्हाच्या शहाबाद जिल्ह्यातल्या निमेज इथल्या एका मठात या मंडळींनी प्रवेश केला. मठाचा महंत आणि त्याचा सेवक यांचा खून झाला. तिजोरीची किल्ली हाती लागली नाही, त्यामुळे पैसाही मिळाला नाही. दोन जीव गेले आणि हात रिकामेच राहिले. बरेच महिने हा गुन्हा उघडकीस आला नाही. नंतर धागेदोरे सेठीजींच्या विद्यालयापर्यंत पोचले. खटल्यात विष्णुदत्त यांना दहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली. मोतीचंदला मृत्युदंड. 1915 मध्ये तो फासावर गेला. वय पंचविशीच्या आसपास.

फाशीआधी त्याने जिनप्रतिमेचं दर्शन घेतलं, मित्रांना रक्ताने पत्र लिहिलं, अशा आठवणी सांगितल्या जातात. त्याचे गुरू सेठीजी यांनाही पुढे मद्रास इलाख्यातल्या वेल्लोरच्या तुरुंगात ठेवलं होतं. दर्शनाशिवाय अन्न घ्यायचं नाही हा त्यांचा नियम, म्हणून त्यांनी तिथे उपवास धरला होता. या माणसांची श्रद्धा दिखाऊ नव्हती, हे मला पूर्ण मान्य आहे.

मग निमेजचं काय करायचं?

आपल्या पाठशाळेत दहा वर्षांच्या मुलालाही हिंसेचे चार प्रकार शिकवतात. स्वयंपाक, झाडलोट करताना होते ती आरंभी, पोटापाण्याच्या धंद्यात होते ती उद्योगी, स्वतःचं, घराचं, देशाचं रक्षण करताना होते ती विरोधी आणि ठरवून केलेली ती संकल्पी. गृहस्थाला पहिल्या तीन पूर्ण टाळता येत नाहीत, पण संकल्पी हिंसा त्याने सोडायचीच असते. मोतीचंदच्या बाजूने बोलणारे म्हणतात, ती देशासाठी केलेली विरोधी हिंसा होती. इंग्रज शिपाई समोर बंदूक रोखून उभा असता तर मीही ते मान्य केलं असतं. पण निमेजचा महंत कोणावर चालून आला नव्हता. त्याचा सेवक तर पोटासाठी राबणारा माणूस. पैसे आणायचे ठरवून तिथे गेलेल्यांच्या हातून ते मेले. याला विरोधी म्हणणं म्हणजे आपल्या सोयीसाठी पाठशाळेचा धडा बदलणं आहे.

याच्या अगदी उलट बोलणाऱ्या बायकाही मी ऐकल्या आहेत. 'ज्याच्या हाताला रक्त लागलं त्याचं नाव जैनांनी घेऊच नये.' हेही मला पटत नाही. ज्याने आयुष्यभराचं व्रत घेतलं, धनाची आणि संसाराची आस धरली नाही, मरणासमोर ज्याला प्रतिमेची आठवण झाली, त्याला एका रात्रीपुरता करून टाकणं हाही अन्यायच. आणि ज्या सरकारने त्याला फासावर दिलं, त्याच्या हाताला किती जीवांचं रक्त होतं याचाही हिशेब मग मांडावा लागेल.

एक बाजू निमेज पुसून टाकते, दुसरी निमेजशिवाय बाकी सगळं. दोघीही आठवण गाळून घेतात.

आपण पाणी गाळतो तेव्हा काय करतो ते आठवा. गाळण्यात जे राहतं ते मोरीत झटकत नाही. ती जिवाणी, ज्या विहिरीचं पाणी तिथेच हलक्या हाताने परत सोडायची, असं आपल्या आजी-पणजींनी शिकवलं. आठवणीच्या बाबतीत मात्र आपण गाळण्यातलं सरळ फेकून देतो.

हे फक्त मोतीचंदच्या बाबतीत होत नाही, म्हणून एवढं लिहिते आहे. आपल्या समाजात एखादा तरुण मुलगा अचानक गेला की काय होतं? वर्तमानपत्रात निवेदन येतं: मनमिळाऊ, धार्मिक, मितभाषी. गुणानुवाद सभेत पाच जण तेच शब्द बोलतात. देवळात त्याच्या नावाने एखादी संगमरवरी पाटी लागते. आणि आई काही बोलू लागली की कोणीतरी वडीलधारं म्हणतं, 'पुरे आता, आर्तध्यान होतं.' महिन्याभरात त्या मुलाचं बोलणं-चालणं, त्याचा हट्ट, धाकट्या बहिणीवरची माया, बापाशी झालेली भांडणं, सगळं घरातूनच नाहीसं होतं. पाटीवर फक्त एक गुळगुळीत नाव उरतं.

इष्टवियोगाचं आर्तध्यान वाईट, हे शास्त्राने सांगितलंय आणि ते खरं आहे. 'माझा गेला, मलाच का' यात माणूस बुडतो. पण गेलेल्याला जसा होता तसा आठवणं म्हणजे आर्तध्यान नव्हे. आपल्याकडे प्रतिक्रमण आहे, आलोचना आहे. रोज संध्याकाळी आपण स्वतःचा दिवस दोषांसकट समोर मांडतो आणि त्याने आपण हलके होतो. जी दृष्टी स्वतःला लावतो तीच आपल्या प्रियजनांना लावली तर त्यांचा अपमान कसा होईल? दोष माहीत असूनही केलेली माया हीच खरी घरातली माया.

मोतीचंदच्या कथेतली आणखी एक आठवण मोठ्या कौतुकाने सांगतात. ज्या प्रांताने मोतीसारखा मुलगा दिला त्या प्रांताची परतफेड म्हणून सेठीजींनी आपली मुलगी महाराष्ट्रात दिली. सभेत हे सांगितलं की टाळ्या पडतात. सेठीजींच्या मनातलं दुःख मला समजतं. शिष्याला आपणच त्या वाटेला लावलं, ही बोच त्यात असणार. पण मैत्रिणींनो, परतफेड म्हणून दिलेल्या त्या लेकीचं मन कोणी विचारलं का? मोतीचंदच्या आईला दुसऱ्या कोणाच्या लेकीने मुलगा परत मिळणार होता का? पुरुषांनी सांगितलेल्या हुतात्म्यांच्या कथांत आया आणि लेकी नेहमी अशाच येतात, देण्यापुरत्या. या कथा आपण सांगू लागलो तर हे प्रश्नही त्यात येतील आणि कथा जास्त खरी होईल.

आणि देवचंद? त्यांनी दुसरी वाट धरली. मित्र गेल्यावर तीन वर्षांनी, 1918 मध्ये, त्यांनी कारंजाला महावीर ब्रह्मचर्याश्रम सुरू केला. 1934 मध्ये कुंभोजजवळच्या बाहुबलीला आश्रम उभा राहिला. दीक्षा घेतली आणि 1988 पर्यंत, वयाची नव्वदी ओलांडून, मुलं घडवत राहिले. दोघांची प्रतिज्ञा एकाच क्षेत्रावरची, वय जवळजवळ सारखं. एकाला पंचवीस वर्षं मिळाली, दुसऱ्याला शंभराच्या जवळपास. यात एक चांगला, एक वाईट अशी वाटणी मी करणार नाही. पण मुलाला दोघांची गोष्ट एकत्र सांगावी. देशावर, धर्मावर जीव टाकणाऱ्या मुलापुढे मरण्याखेरीज आणि मारण्याखेरीज तिसरी वाट असते, हे त्याला यातूनच कळेल. आज मुलांच्या मोबाइलवर रोज कोणी ना कोणी त्यांना कशासाठी तरी पेटायला सांगत असतं. अर्धी गोष्ट ऐकलेला मुलगा लवकर पेटतो.

आपल्या जिल्ह्यात तर हे सांगायला फार लांब जावं लागत नाही. नवागडला नेमिनाथ आहेत, जिंतूरच्या नेमगिरीवर नेमिनाथ आहेत. तेही तरुणच होते, लग्नाच्या वरातीत निघालेले. कोंडलेल्या प्राण्यांचा आक्रोश ऐकला आणि रथ वळवला. पुढच्या वेळी मुलांना घेऊन नेमगिरी चढाल तेव्हा पायऱ्यांवर त्यांना ही कथा सांगा आणि मग मोतीचंदची सांगा. त्या रात्री निमेजला आक्रोश ऐकून रथ का वळला नाही, हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवा. उत्तर लगेच देऊ नका. त्यांना बोलू द्या.

माझी मंडळाला एक सूचना आहे. येत्या क्षमावाणीला मोतीचंदची पूर्ण हकीकत कोणीतरी वाचून दाखवावी, निमेजसकट. त्याच्यासाठी हात जोडावेत आणि त्याच्या वतीने त्या महंताची आणि त्या सेवकाची क्षमाही मागावी. ती मागायला त्याला आयुष्य उरलं नाही. आपल्याला आहे.

आणि ज्या घरातला मुलगा गेला आहे, तिथे भेटायला जाल तेव्हा त्याच्या आईला गप्प करू नका. 'तो कसा होता, सांगा ना,' एवढंच म्हणा. ती त्याचा एखादा दोष सांगेल, सांगता सांगता हसेल, मग रडेल. ऐकून घ्या.

उत्तम क्षमा.